बगळ्याचे सात सेकंद

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार, तब्येत आणि हवापाणी शेवटी. आधी माझं अडलेलं घोडं.

आमच्या स्टुडिओची हाताने काढलेल्या चित्रांची अ‍ॅनिमे मालिका, ‘बुडल्या गावचा दिवा’, जिची मी दिग्दर्शिका आहे असं चार लोकांत मान वर करून सांगायचे, ती लोकांना कंटाळवाणी वाटते आहे. बारापैकी सात भाग दाखवून झाले. उरलेले पाच एप्रिलच्या शेवटी, रोज एक. गोष्ट तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते, म्हणजे सांगता सांगता मलाच कळेल तीत काय कमी आहे ते. एक गाव पाण्याखाली गेलंय. नुसती छपरं वर दिसतात. घंटाघराच्या टोकावर एक मुलगी एकटी राहते आणि रोज संध्याकाळी दिवा लावते. कठड्यावर एक बगळा येऊन बसतो आणि तिला काहीबाही विचारतो. ती पाण्याकडे बघते, बघत राहते, मग उत्तर देते. मधूनच एखादी रिकामी होडी छपरांमधून निघून जाते. संपली गोष्ट.

प्रेक्षकांची पत्रं आमच्याकडे एका पुठ्ठ्याच्या खोक्यात साठतात. एकाने लिहिलंय, पहिल्या भागात बगळ्याने डावा पाय उचलला आणि चौथ्यात खाली ठेवला, ही या मालिकेतली आजवरची सर्वांत मोठी घटना. सगळे हसले. मीही हसले, आणि मग जिन्यात जाऊन बसले.

निर्मातीबाईंनी काल बोलावलं. म्हणाल्या, “दिवा नाही लागला तर काय होईल?” मी म्हटलं, “अंधार होईल.” त्या म्हणाल्या, “मग?” मला पुढे काही सुचलंच नाही. त्यांचं म्हणणं, उरलेले भाग आवळा, शेवटी वादळ आणा, कोणाचा तरी जीव टांगणीला लावा. नाहीतर त्या हे काम दुसऱ्या कोणाला तरी देतील.

मामा, तू संकलक म्हणून चाळीस वर्षं सिनेमे कापलेस. भल्याभल्यांची रिळं निम्मी करून दिलीस. आठवा भाग सोबतच्या पेनड्राइव्हवर आहे. कुठे कात्री लावू ते सांग. भाची म्हणून भीड ठेवू नको.

आता तब्येत. तुझ्या मागच्या तिन्ही पत्रांखाली मामीच्या दोन ओळी नाहीत. पत्रांचा नियम तिचाच ना? फोनवर लोक पटकन खोटं बोलतात, पत्रात निदान विचार करून बोलतात, असं टेलिफोनच्या बोर्डावर तीस वर्षं बसलेली बाई सांगायची. आणि आता तिच्याच ओळी गायब. सप्टेंबरमध्ये मी तुम्हाला पहिला भाग दाखवला तेव्हा तिने विचारलं होतं, “अगं, यात बुडणार कोण आहे?” आणि मी म्हणाले, “तुला नाही कळायचं ते.” उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ती ताट धुवायला उठली. ज्या बाईने मला पाच वर्षांची असल्यापासून वाढवलं तिला मी असं बोलले, हे मला रोज आंघोळ करताना आठवतं. ती अजून रागावली आहे का? खरं लिही.

तुझी
गोगलगाय


११ फेब्रुवारी

चि. गोगलगाय,

अनेक आशीर्वाद.

तुझं आठवं रीळ बघितलं. आमच्या पद्धतीने बघितलं, म्हणजे स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एकट्याने, आवाज बंद करून, पांढरे हातमोजे घालून. फिल्मवर बोटांचे ठसे उठायचे दिवस गेले, हातमोज्यांची गरज नाही, हे मलाही कळतं. पण त्यांच्याशिवाय डोकं चालत नाही. आवाज बंद अशासाठी की माझे उस्ताद सांगायचे, आवाज लबाड असतो, रिकामं चित्र भरलेलं भासवतो. चित्र मुकं करून बघ आणि जिथे डोळा जांभई देईल तिथे काप.

माझ्या डोळ्याने एकवीस मिनिटांत अकरा जांभया दिल्या.

दुखणं एकच आहे. बगळ्याची चोच हलते, प्रश्न झाला. मग सात सेकंद काही नाही. मुलगी पाण्याकडे बघते. पाणी तरी हलतंय का, तर तीच तीन चित्रं आलटूनपालटून. मला फसवू नकोस, मी मोजली. सात सेकंद म्हणजे एकशे अडुसष्ट फ्रेम. तेवढ्यात आमच्या सिनेमातला डाकू गाव लुटून, घोड्याला पाणी पाजून परत जायचा. अकरा प्रश्न, अकरा थांबे. प्रत्येकाचा एक सेकंद ठेव, बाकीचे उडव. रीळ कसं सुतासारखं सरळ होईल बघ. सगळी यादी मागच्या पानावर दिली आहे.

वादळाचं मात्र मी सांगणार नाही. ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही दिसत नाही त्याच्यावर वादळ आणून काय होणार? भिजेल फक्त. तुझ्या मुलीचं काय पणाला लागलंय ते आधी तू शोध.

तू पहिल्यापासूनच रेंगाळणारी. एका घासाला दहा मिनिटं, म्हणून तर हे नाव पडलं. मामीला जगात कशालाच दम नव्हता, पण तुझ्या जेवणाला होता. सगळं आवरून झालं तरी स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवून तुझ्यासमोर बसायची. मी म्हणायचो, जरा दटाव तिला. तर मलाच दटावायची. तेव्हाच तुला दटावलं असतं तर आज हा बगळा जरा चटपटीत निघाला असता.

मामी ठीक आहे. रागावलेली नाही, उगाच मनात आणू नको. हाताला सवड नाही म्हणून ओळी नाहीत, इतकंच. पलंग पुढच्या खोलीत आणलाय, टीव्हीसमोर. तुझे साती भाग ती रोज संध्याकाळी लावायला लावते. मी परवा तीन पेडांची वेणी घालायला शिकलो. तीही शेवटी जोडणीच. जमली.

तुझा
मामा


२२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तू देवमाणूस आहेस. यादीप्रमाणे आठवा भाग कापला आणि निर्मातीबाई चक्क खुर्चीत पुढे सरकून बसल्या. त्याच मापाने नववा, दहावा, अकरावाही कापून दिला. चारही भाग आता वर, वाहिनीकडे गेले. मुलगी आता बगळ्याचं वाक्य संपतं ना संपतं तोच बोलते. आठव्याची नवी प्रत सोबत आहे. आज संध्याकाळी जुन्याऐवजी हीच लाव, मामीलाही बघू दे की मला घाई करता येते.

बाकी तुझं पत्र वाचून मी काय ते समजले. रागावलेली नाही म्हणतोस, आणि रोज माझे भाग लावायला लावते म्हणतोस. म्हणजे चुका मोजते आहे. मामीचा राग मी ओळखून आहे. हाताला सवड नाही, म्हणजे विणायला बसली असणार. रागात तिचं विणकाम दुप्पट चालतं. आणि वेणी कुणाची घालतोस रे? वरच्या मजल्यावरच्या छोटीची का? या वयात बरे चाळे सुचतात.

उरला बारावा. तो अजून नुसता पेन्सिलीत आहे, टेबलांवर कागद पसरलेत. तुझं ते वाक्य, मुलीचं काय पणाला लागलंय ते शोध, मी पिन लावून भिंतीवर टांगलंय. रोज त्याच्याकडे बघते. काही सापडत नाही. मला एवढंच माहीत आहे की संध्याकाळ होते, पाणी आधी पिवळं मग राखाडी होतं, आणि तिला दिवा लावावासा वाटतो. हा दिवा मला मुळात कुठून सुचला, देव जाणे.

कापाकापी केल्यापासून एक स्वप्न पडतं. मी त्या कठड्यावर बसलेय, खाली गाव हलतंय, बगळा चोच उघडतो, आणि त्याने काही विचारायच्या आत मी उत्तर देऊन टाकते. तो माझ्याकडे बघतो आणि उडून जातो. रोज तसंच. खरं म्हणजे आता माझं काम मार्गी लागलंय, मग असं का व्हावं कळत नाही.

मामीला माझा नमस्कार सांग. नको, सांगू नको. मीच येईन तेव्हा पाय धरीन.

तुझी
गोगलगाय


३ मार्च

चि. गोगलगाय,

हे पत्र बसून वाच.

इतके दिवस ताकाला जाऊन भांडं लपवत होतो, ते आता पुढे करतो. मामीला नऊ नोव्हेंबरला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय थोडा, आणि बोलणं सगळंच. वेणी तिचीच घालतो. डाव्या हाताने तिला जमत नाही.

तुला कळवायला मी दवाखान्यातच पेन काढलं होतं. तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि मान हलवली. तुझा पहिला भाग त्याच आठवड्यात लागायचा होता. तू सगळं टाकून धावत आली असतीस, आणि ते तिला नको होतं. तिच्यावर ढकलून मोकळा होत नाही. मलाही लिहायचं नव्हतं. कागदावर लिहिलं की ते खरं होणार, असं वाटायचं. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. माझं चुकलं.

तिचं बोलणं तुला माहीत आहे. मधे टाचणी टोचायला जागा नसायची. आता या घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येते. बत्तीस वर्षं ते घड्याळ भिंतीवर आहे, ते वाजतं हे मला नोव्हेंबरात कळलं. वाचा-उपचाराच्या बाई आठवड्यातून दोनदा येतात. चित्रांचे पत्ते दाखवतात, कप, किल्ली, मांजर. भल्या आहेत, पण पुढच्या घरी जायचं असतं, हातातल्या घड्याळाकडे बघतात. मामी तोंड फिरवायची.

मग डिसेंबरात तुझा तिसरा भाग लागला. बगळ्याने विचारलं, “किती वाजले?” मुलगी पाण्याकडे बघत बसली. आणि माझ्या शेजारून आवाज आला, “सहा.” मी भिंतीकडे बघितलं. सहा वाजून दोन मिनिटं झाली होती. मला हलायचीही भीती वाटली.

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी बगळ्याशी बोलायची. तो विचारायचा, “आज काय दिसलं?” ती म्हणायची, “मांजर.” कधी, “काही नाही.” तो विचारायचा, “गार वाटतंय का?” ती म्हणायची, “पाय.” मी उठून तिच्या पायांवर पांघरूण घालायचो. माझ्या बायकोचे पाय गार पडतात हे मला एका चितारलेल्या पक्ष्याने सांगितलं.

आता तू विचारशील, हे सगळं समोर दिसत असताना थांबे कापायला मी कसं सांगितलं. सहा दिवस मी तेच स्वतःला विचारतोय. मला वाटायचं तिला तो बगळा आवडतो, त्याच्या आवाजात काही आहे. आठवं रीळ मी आवाज बंद करून, दुसऱ्या खोलीत, तिच्याकडे पाठ करून बघितलं. उस्तादांनी शिकवलं तसं. मला नुसती रिकामी जागा दिसली. ती जागा कोणाची आहे, हे बघायला मी मान वळवली नाही.

तुझी नवी प्रत पंचवीस तारखेला आली. संध्याकाळी लावली. बगळ्याने विचारलं, मामीने ओठ जुळवले, आणि मुलीने उत्तर देऊन टाकलं. दुसऱ्या प्रश्नाला मामीने घाई केली, नुसता श्वास बाहेर आला. पाचव्याला तिने डोळे मिटले. त्या दिवसापासून एक शब्द नाही. जुने भाग लावले, न कापलेला आठवा लावला, तर भिंतीकडे तोंड करते. बगळासुद्धा आपल्याला कंटाळला, असं तिला वाटलं असणार. वाचा-उपचाराच्या बाई म्हणतात, पहिल्या सहा महिन्यांत जे परत आलं ते आलं, पुढे अवघड. म्हणजे मे लागेपर्यंतचे दोन महिने.

चाळीस वर्षं कात्री चालवली. ती माणसाला पहिल्यांदाच लागली.

तुझ्याकडे काय मागावं हे मला कळत नाही. फक्त तुला ठाऊक असावं म्हणून लिहिलं.

मामा


८ मार्च

प्रिय मामा,

परवा फोन केला तर आपण दोघं नुसते रडलो, काम काहीच झालं नाही. मामीच्या कानाशी धरलास तर तिचा उजवा हात जुन्या सवयीने टेलिफोनच्या बोर्डाकडे जायला बघतो आणि उठत नाही, हे तू सांगितल्यावर तो मार्गही बंद झाला. म्हणून पुन्हा पत्र.

मी तुझ्यावर खूप चिडलेय. हे लिहून ठेवते, म्हणजे नंतर विसरले तरी तुझ्याकडे पुरावा राहील. ती तिकडे मुकी होऊन पडली होती आणि मी इकडे ती रागावलीय का म्हणून जिन्यात बसत होते. त्या आठवड्यात मला बोलावलं असतंस तर कुठलाही भाग बुडाला नसता. आणि बुडाला असता तर बुडू द्यायचा होता.

पहिल्या झटक्यात बॅग भरली. मग कळलं की मी निघाले तर बारावा भाग दुसऱ्याच्या टेबलावर जाणार आणि तो त्यात वादळ घालणार. तिथे येऊन मी तिचा हात धरू शकते. पण ती बोलायची ती बगळ्याशी, माझ्याशी नाही. आणि बगळा इथे आहे.

निर्मातीबाईंकडे गेले. म्हणाले, वादळ नाही, थांबे लांब ठेवणार, सातांहून लांब. त्यांनी चष्मा काढून विचारलं, “आणि या भागात बुडणार कोण आहे?” अगदी मामीचाच प्रश्न. मी म्हणाले, “माझी मामी.” मग सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. म्हणाल्या, आधीचे चार भाग वर गेले, ते आता बदलायचे नाहीत. बारावा तुमचा. नाव एकटीचं लागेल, बोलणी एकटीला खावी लागतील, आणि पुढच्या मालिकेत तुमचं नाव मी सुचवू शकणार नाही. मी हो म्हणाले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दहा वर्षं या खुर्चीसाठी पेन्सिली झिजवल्या होत्या.

आता तुझं काम. सोबत बाराव्याची कच्ची प्रत आहे. नुसती पेन्सिलीची चित्रं आणि माझा आवाज. कलाकारांचे आवाज शेवटी चढतात, तोवर सगळ्यांचं मीच बोलते, बगळ्याचंही. सध्या पाच प्रश्न ठेवलेत. प्रत्येक प्रश्नानंतर तीस सेकंद मोकळे ठेवलेत. मुलीची उत्तरं घातलेलीच नाहीत. रोज संध्याकाळी लाव. आवाज चालू ठेव. हातमोजे काढ. पडद्याकडे पाठ आणि मामीकडे तोंड करून बस. ती कुठल्या प्रश्नाला किती सेकंदांनी बोलते ते मला लिहून पाठव. या भागाची लांबी ती ठरवील, तू नाही आणि मी नाही.

नाही बोलली, तर तेही लिही.

गोगलगाय


२० मार्च

चि. गोगलगाय,

तू चिडलीस ते योग्यच आहे. पत्र जपून ठेवलंय.

तू सांगितलंस तसा बसलो. आयुष्यात पहिल्यांदा पडद्याकडे पाठ करून सिनेमा बघितला. पहिल्या दिवशी मामी भिंतीकडे तोंड करून होती. तुझा आवाज आला, “झोप लागली का?” तशी तिची मान वळली. पडद्याकडे नाही, दाराकडे. तू दारात नाहीस हे बघितल्यावर पडद्याकडे वळली. तीस सेकंद गेले. पाच प्रश्न, पाच वेळा तीस सेकंद, काही नाही. दुसरा दिवस, तिसरा दिवस, तसंच. मी मोजत होतो आणि माझ्या तळहाताला घाम येत होता. तिचा हात मात्र कोरडा.

चौथ्या दिवशी बोलली. आता सहा दिवसांचा हिशेब लावून देतो, धंद्यातला माणूस आहे, माप चुकायचं नाही.

“झोप लागली का?” नऊ सेकंद. “हं.”

“आज काय दिसलं?” अकरा सेकंद. माझ्याकडे बघून म्हणाली, “रडका.” म्हणजे मी. त्या दिवशी मी रडत नव्हतो, हे नमूद कर.

“काही दुखतंय का?” या प्रश्नाला सहाही दिवस पूर्ण तीस सेकंद गेले आणि ती बोलली नाही. छताकडे बघते. हे तिला सांगायचं नाही. हा प्रश्न काढून टाक, मामा म्हणून सांगतो, संकलक म्हणून नाही.

“कोणावर रागावली आहेस का?” हा बगळ्याचा प्रश्न नाही, तुझा आहे, मला कळतं. सहा सेकंद. “कोण? मी?” आणि डावी भुवई वर. ती भुवई तुला माहीत आहे. निश्चिंत झोप.

आता शेवटचा. “दिवा अजून का मालवला नाहीस?” पाच दिवस ती या प्रश्नाला नुसती ओठ हलवायची. काल संध्याकाळी पाणी तुझ्या चित्रात राखाडी झालं, तू विचारलंस, आणि मी मोजायला लागलो. सात झाले. आठ, नऊ. मी मनात म्हटलं, असो, आज नाही. दहा, अकरा, बारा. तिने माझा हात दाबला. तेरा. मग चौदाव्याला स्वच्छ म्हणाली, “ती जेवतेय अजून.”

तीन शब्द, गोगलगाय. नोव्हेंबरनंतरचं पहिलं अख्खं वाक्य.

चौदा सेकंद म्हणजे तीनशे छत्तीस फ्रेम. यातली एकही कापू नको. मुलीचं काय पणाला लागलंय ते शोध, असं मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. तो कागद भिंतीवरून काढ आता.

मामा


२५ एप्रिल

प्रिय मामा,

काल बारावा भाग लागला. तुम्ही बघितलात का, हे विचारत नाही. बघितलाच असणार.

तुझं पत्र आल्यावर मी दोन दिवस काहीही काढलं नाही. मग एकच चित्र नवीन काढलं, सगळ्या मालिकेत नसलेलं. शेवटच्या प्रश्नानंतर मुलगी पाण्याकडे बघते. या वेळी आपणही तिच्याबरोबर पाण्यात उतरतो. छपराखाली, कौलांमधून, एका स्वयंपाकघरात. सगळी भांडी जागच्या जागी, सगळं आवरलेलं. टेबलाशी एक लहान मुलगी ताट घेऊन बसलीय, घास हातात तसाच. वरच्या दिव्याचा उजेड पाण्यातून खाली येऊन तिच्या ताटात हलतोय. पाण्याची तीनच चित्रं आहेत, तू पुन्हा मोजशील. चौदा सेकंद. मग वरून मुलीचा आवाज येतो, “ती जेवतेय अजून.” आणि संपतं.

निर्मातीबाईंनी पक्की प्रत बघून तोच जुना प्रश्न विचारला, दिवा नाही लागला तर काय होईल. या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. म्हणाले, “कोणीतरी अंधारात जेवेल, आणि आपल्यासाठी कोणी थांबलं नाही असं समजेल.” त्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मी मोजलं नाही.

खोकं आज सकाळीच भरलं. पहिलं पत्र उघडलं ते एका गृहस्थांचं. चौदा सेकंद काहीच हललं नाही, त्यांनी टीव्ही बिघडला समजून तीन थपडा मारल्या आणि आता तो खरंच बिघडला आहे. बाकीची उघडली नाहीत. पुढच्या मालिकेतून माझं नाव गेलं, टेबल रिकामं केलं. पेन्सिली आणि भिंतीवरचा तुझा कागद तेवढा घेतला. काढ म्हणालास, पण फेकवला नाही.

मला एक फार उशिरा कळलं, मामा. सप्टेंबरमध्ये मामीने विचारलं, यात बुडणार कोण आहे, आणि मी तिला म्हणाले, तुला नाही कळायचं. सगळी गोष्ट तिचीच होती, मला एकटीलाच कळली नव्हती.

मंगळवारी निघते, बुधवारी दुपारी पोचते. वाचा-उपचाराच्या बाईंना सांग, त्या पत्त्यांचे नवे संच मी काढून देणार आहे. कप, किल्ली, मांजर, रडका मामा. आणि मी किती दिवस राहणार असं विचारू नको. मी गोगलगाय आहे, घर पाठीवर घेऊन येतेय.

तुझी
गोगलगाय


२७ एप्रिल

चि. गोगलगाय,

तू निघायच्या आत हे पत्र तुला मिळावं म्हणून थोडक्यात लिहितो.

बघितला. मी आवाज चालू ठेवून, मामीकडे तोंड करून. बाकीच्या चार प्रश्नांतला दुखण्याचा काढून टाकलास, बरं केलंस. उरलेल्यांना मामीने मुलीच्या आधी उत्तरं दिली, एकाला तर दोनदा. शेवटच्या चौदा सेकंदांत मात्र काही बोलली नाही. मी घाबरलो. मग बघितलं तर ती पडद्यावरच्या ताटाकडे बघत होती आणि हसत होती. मुलीचं वाक्य आलं तेव्हा तिने नुसती मान डोलावली, घरातलीच गोष्ट कोणी सांगावी तशी.

पहिल्या सात भागांत पाणी तीन चित्रांचं आहे. बाराव्यात चार आहेत. मला फसवू नकोस.

खालच्या ओळींसाठी तिने माझ्याकडून पेन ओढून घेतलं. डाव्या हाताच्या आहेत. अर्धा तास लागला, मी मधे बोललो नाही.

मामा

सावकाश ये.
दिवा चालू आहे.